त्रिज्या आठ मिलिमीटर

"मामा, फोटो बिघडला. गोल आलाय."

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर वाकून भाचा म्हणाला. कार्ल्याच्या चैत्यगृहात आम्ही सकाळीच पोचलो होतो. व्हर्च्युअल टूरसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी काढलेली होती, त्रिपॉड दालनाच्या मधोमध उभा होता आणि पहिली फ्रेम नुकतीच घेतली होती. फोटो बिघडलेला नव्हता. आठ मिलिमीटरच्या गोल फिशआयमधून तो असाच येतो: काळ्या आयतात मधोमध ठेवलेली एक उजळ थाळी. फुल फ्रेम सेन्सरची निम्म्याहून जास्त जागा काळी राहते. एवढे पैसे मोजून घेतलेला सेन्सर आणि त्यातला अर्धा रिकामा, हे भाच्याला काही केल्या पटेना. मला मात्र त्या थाळीवरून नजर हलवावीशी वाटत नव्हती.

व्हर्च्युअल टूरसाठी कुठली लेन्स घेऊ, असं विचारणाऱ्यांना आकडे हवे असतात. ते मी देतो. पण माझ्या मते आधी अशी एक फ्रेम कवितेसारखी, ओळ न् ओळ सोडवत वाचावी. आकडे मग आपोआप उलगडतात.

मध्यापासून सुरुवात करू. तिथे स्तूप आहे, बोराएवढा. प्रत्यक्षात ह्या दालनात पाऊल टाकलं की स्तूप माणसाला ओढून घेतो. सव्वाशे फुटांच्या आसपास लांबी, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांबांची रांग, स्तूपामागे आणखी सात साधे अष्टकोनी खांब. सगळी रचना पावलं पुढे नेण्यासाठी केलेली. आठ मिलिमीटरची काच ती ओढ उलटी फिरवते. स्तूप लांब जातो आणि आपण जिथे उभे आहोत ती जागा मोठी होते. स्तूपावरची लाकडी छत्री, जी दोन हजार वर्षं आपली जागा सोडून हललेली नाही, ती फ्रेममध्ये काडीपेटीच्या काडीएवढी उरते.

आता नजर वर न्या. छताला लाकडी फासळ्या आहेत, ह्याही मूळच्या. कोरलेल्या कातळाला त्यांच्या आधाराची गरज नव्हती. लाकडी इमारतीची सवय सुटली नव्हती म्हणून त्या बसवल्या. साध्या लेन्समधून बघितलं तर एकीत एक अडकवलेल्या, लहान होत गेलेल्या कमानी दिसतात. फिशआयमध्ये वेगळंच घडतं. कॅमेऱ्याच्या थेट डोक्यावर जी फासळी आहे ती वर्तुळाच्या कडेवर नेमकी बसते. कोरणाऱ्याने अर्धं वर्तुळ केलं होतं, उरलेलं अर्धं काचेने पूर्ण केलं. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी थोडा वेळ शटर दाबायचंच विसरलो.

खांब बघा. स्तूपाजवळचे खांब ताठ आहेत. जसजसं बाजूला यावं तसतसे ते वाकतात आणि आपल्या अगदी डाव्या-उजव्या हाताचे दोन खांब तर धनुष्यासारखे, वर्तुळाला पाठ लावून उभे. त्यांच्या माथ्यावरचे गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर बसलेली जोडपी मध्याकडे कलली आहेत, जणू आतल्या कुणाचं बोलणं ऐकायला. सरळ रेघ मोडायचीच असं मात्र ह्या काचेने ठरवलेलं नाही. वर्तुळाच्या मध्यातून जाणारी प्रत्येक रेघ ती सरळ ठेवते. बाकीच्यांना वाकवते, आणि जितकी रेघ मध्यापासून दूर तितकी जास्त. अगदी खाली, तळाला, त्रिपॉडचे पाय आणि माझ्या चपलांचे अंगठे. कवीने शेवटी आपलं नाव गुंफावं तसे. ते नंतर पुसावे लागतात.

'फिशआय' हे नाव अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांच्यामुळे पडलं. माशाला पाण्याखालून वरचं जग कसं दिसत असेल, ह्यावर त्यांनी १९०६ साली लेख लिहिला आणि त्यासाठी पाण्याने भरलेल्या बादलीचाच कॅमेरा केला. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं सगळं आकाश माशाला डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या गोल खिडकीत मावलेलं दिसतं. पुढे १९२४ साली केंब्रिजच्या रॉबिन हिल यांनी अख्खं आकाश एका फोटोत घेणारी लेन्स मांडली, ढगांच्या अभ्यासासाठी. वनस्पतिशास्त्राची मुलं जी 'हिल रिअॅक्शन' पाठ करतात ती ह्याच हिल यांची. म्हणजे ही काच जन्मली ती ढगांसाठी. लेणी, वाडे, लग्नाचे हॉल आणि विकायला काढलेले फ्लॅट हे सगळं फार नंतरचं.

आपल्या भाषेत वृत्त म्हणजे वर्तुळ आणि वृत्त म्हणजे छंदही. लेन्सच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी येतात. समोरच्या दिशेपासून वस्तू जितके अंश बाजूला असेल, त्या हिशेबाने ती फोटोच्या मध्यापासून किती लांब पडावी, ह्याचा प्रत्येक लेन्सचा एक पक्का नियम असतो. तेच तिचं वृत्त. नेहमीच्या वाइड लेन्सचं वृत्त सरळ रेघेला जपतं. भिंत सरळ, चौकट सरळ. पण त्याची किंमत कडेला मोजावी लागते. ४५ अंशांवर वस्तू बाहेरच्या दिशेने मध्याच्या दुप्पट ताणली जाते, ६० अंशांवर चौपट, आणि ९० अंशांवर ताण अनंत होतो. म्हणून सरळ रेघा जपणारी कुठलीही लेन्स १८० अंश दाखवूच शकत नाही, मग ती कितीही महाग असो.

बहुतेक फिशआयचं वृत्त उलट, कडेला आवळणारं. अगदी काठावर वस्तू बाहेरच्या दिशेने मध्याच्या सुमारे ७० टक्के उरते आणि वर्तुळाच्या कडेच्या दिशेने जवळजवळ दीडपट होते. बाजूला उभा असलेला माणूस त्यामुळे शिडशिडीत, उंच आणि वाकडा दिसतो. सॅमयांगच्या फिशआयचं वृत्त तिसरंच आहे. त्यात काठावरची वस्तू दोन्ही दिशांनी सारखी वाढते, म्हणून तिचा चेहरामोहरा टिकतो आणि काठाला पिक्सेलही जास्त मिळतात. स्वस्त लेन्स म्हणून तिच्याकडे नाक मुरडणाऱ्यांनी हा गुण बघितलेला नसतो.

इथे कुणी विचारील की टूर बघणाऱ्याला ह्या वाकण्या-आवळण्याशी काय देणंघेणं? त्याला ती थाळी कधी दिसतच नाही. पीटीगुई किंवा हगिनसारखं सॉफ्टवेअर सगळ्या फ्रेम उलगडून दोनास एक अशा प्रमाणाच्या लांब कापडात बसवतं, ते कापड गोलाला आतून चिकटवलं जातं आणि बघणारा त्या गोलाच्या मध्यात उभा राहून मान फिरवतो. वाकलेले खांब पुन्हा सरळ होतात. खरं आहे. पण काचेने काठावर जे गमावलं ते कुठलंही सॉफ्टवेअर परत देत नाही. गोल फिशआयच्या अगदी कडेला चैत्यगवाक्षाचा उजेड आला की दगडाच्या धारेवर जांभळी झालर चढते, बारीक नक्षी मेणासारखी मऊ होते. हिशेबाने आठ मिलिमीटरला तीन फ्रेम पुरतात, १२० अंशांवर एकेक. मी चार घेतो. चार घेतल्या की प्रत्येकीचा बाजूचा काठ टाकून देता येतो. आठ मिलिमीटरवर ह्या लेन्सला हूड लावून चालत नाही, पुढे फिल्टरही बसत नाही. तिचा फुगीर डोळा उघडाच असतो. त्यामुळे उजेड कुठून येतोय हे आधी बघायचं आणि मग पहिली फ्रेम कुठल्या दिशेला ते ठरवायचं.

आता तो हिशेब, जो मला फार आवडतो. लेन्सची फोकल लेंग्थ ही त्रिज्या समजा. त्या त्रिज्येचा एक पोकळ गोल धरा, त्याला आतून जग रंगवलेलं. तयार पॅनोरमाची रुंदी म्हणजे त्या गोलाचा परीघ. बस, एवढंच. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात ३६ मिलिमीटरमध्ये ६,००० पिक्सेल असतात. त्या मापाने आठ मिलिमीटरची लेन्स साधारण ८,४०० पिक्सेल रुंदीचा पॅनोरमा देते, १५ मिलिमीटरची १५,७००, २४ मिलिमीटरची २५,००० आणि ५० मिलिमीटरची ५२,०००. उंची प्रत्येकीची रुंदीच्या निम्मी. लेन्स निवडताना आपण 'किती मावेल' असं विचारतो. व्हर्च्युअल टूरमध्ये मावायचं सगळंच असतं, वर-खाली-मागे-पुढे. तिथे विचारायचं ते एवढंच की बघणाऱ्याला किती मोठ्या गोलात उभं करायचं.

हेग शहरात मेसदाख ह्या चित्रकाराने १८८१ साली पूर्ण केलेला समुद्रकिनाऱ्याचा पॅनोरमा आहे, उंची सुमारे १४ मीटर आणि परीघ सुमारे १२० मीटर. मधल्या वाळूच्या टेकाडावर उभं राहून तो बघायचा. त्याची तयारी मेसदाखने कशी केली, तर शेवेनिंगनच्या वाळूच्या टेकडीवर काचेचा एक दंडगोल उभा केला, स्वतः त्याच्या आत गेला आणि काचेतून दिसणारं गाव, गलबतं, क्षितिज काचेवरच रेखलं. मग ती रेखाटनं मोठी करून कापडावर नेली. फोकल लेंग्थ म्हणजे काय हे ह्याहून स्पष्ट कुणी दाखवलेलं मला माहीत नाही. डोळ्यापासून काचेपर्यंतचं अंतर ही त्याची त्रिज्या होती. आमची आठ मिलिमीटर आहे.

आठ पुरते का? पूर्ण एचडी पडद्यावर, म्हणजे १,९२० पिक्सेल रुंदीच्या, एका वेळी ९० अंश दाखवायचे असतील तर साधारण ६,००० पिक्सेल रुंदीचा पॅनोरमा लागतो. आठ मिलिमीटरची लेन्स ही परीक्षा आरामात पास होते. पण बघणारा झूम करतोच. ४५ अंशांपर्यंत आत शिरला की गरज १४,५०० वर जाते. आठची लेन्स तिथे धूसर होते, १५ची तग धरते.

कार्ल्याला हा फरक अक्षरशः वाचता येतो. इथल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. धेनुकाकट ह्या गावचे लोक त्यात पुन्हा पुन्हा येतात, काही स्वतःला यवन म्हणवतात. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने तर हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचं कोरून ठेवलं आहे. आता समजा, सहा मीटरवरच्या खांबावर पाच सेंटिमीटर उंचीचं एक अक्षर आहे. आठ मिलिमीटरमध्ये त्याला ११ पिक्सेल मिळतील. काहीतरी कोरलंय एवढंच कळेल. १५ मिलिमीटरमध्ये २१ मिळतील, जाणकार ते ओळखेल. २४ला ३३. पन्नासला जवळपास ७०, म्हणजे छिन्नीचा घावही दिसेल. धेनुकाकटच्या त्या दात्याने पैसे मोजले होते ते आपलं नाव वाचलं जावं म्हणून. ११ पिक्सेलमध्ये त्याची बोळवण करणं मला जिवावर येतं.

मग सरळ पन्नासची लावावी, असं भाच्याचं मत पडलं. तरुण वयात पडतंच. पन्नासने पूर्ण गोल भरायला फ्रेमची संख्या शंभराच्या घरात जाते. तेही चाललं असतं, पण फोकसची खोली आडवी येते. एफ-८ वर आठ मिलिमीटरच्या लेन्सला १३-१४ सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्वच्छ दिसतं. फोकसची रिंग एकदा लावून चिकटपट्टीने बंद करावी आणि विसरून जावं. १५ला अर्ध्या मीटरपासून पुढे. २४ला सव्वा मीटरपासून. पन्नासला पाच मीटरच्या आतलं काहीच स्वच्छ मिळत नाही. मधलं दालन २५ फूट रुंद, म्हणजे मध्यात उभं राहिलं तर बाजूचे खांब चार मीटरच्या आत आणि फरशी दीड मीटरवर. पन्नासने कार्ल्याचे लांबचे हत्ती अप्रतिम येतील आणि जवळचा खांब धुक्यात जाईल.

२४ मिलिमीटरचा प्रयोग मी पूर्वी, दुसऱ्या एका लेण्यात, केलेला आहे. कॅमेरा उभा धरून दहा फ्रेमची एक रांग, अशा तीन रांगा, वर एक आणि खाली एक. झाल्या ३२. लेण्यात दाराशी लख्ख उजेड आणि आत काळोख, म्हणून प्रत्येक फ्रेम कमी-जास्त उजेडाच्या पाच पायऱ्यांनी घ्यायची. झाल्या १६०. दुसऱ्या रांगेच्या मध्यावर शाळेची सहल आली. घरी येऊन सगळं सांधलं तेव्हा एका खांबामागून अर्धा मुलगा निघालेला आणि उरलेला अर्धा तीन खांब पुढे बाईंचा हात धरून उभा. दोन दिवस त्या मुलाला जोडण्यात गेले, आणि दप्तर शेवटपर्यंत सापडलं नाही. पिक्सेल मात्र भरपूर होते.

सांधे जितके जास्त तितक्या फसायच्या जागा जास्त. लेण्यात ही गोष्ट फार जाणवते, कारण इथे जवळचं आणि लांबचं एकाच रेषेत येतं. कॅमेरा ज्या बिंदूभोवती फिरवला असता जवळचा खांब लांबच्या खांबावरून सरकत नाही, तो बिंदू सापडायला हवा. फोटोग्राफर त्याला नोडल पॉइंट म्हणतात. शास्त्राने ते नाव चूक आहे, पण धंद्यात रुळलं आहे. जवळ एक काठी उभी करायची, तिच्यामागे लांबची एखादी धार धरायची, पॅनो हेडवर कॅमेरा पुढेमागे सरकवत दोन्ही बाजूंना फिरवून बघायचं. सरकेनाशी झाली की पट्टीवरचा आकडा लिहून ठेवायचा. फिशआयची गंमत अशी की हा बिंदू एका जागी नसतोच. किती बाजूने बघतो त्याप्रमाणे तो काचेत पुढेमागे होतो. म्हणून शेजारच्या दोन फ्रेम जिथे भेटतात त्या कोनासाठी तो लावायचा. चार फ्रेम असतील तर ४५ अंशांसाठी, सहा असतील तर ३० साठी. झूम फिशआय असेल, जसा कॅननचा ८-१५, तर झूमची रिंगही चिकटपट्टीने बंद. ती केसभर हलली तरी बिंदू हलतो.

खांबांच्या मागची प्रदक्षिणेची अरुंद वाट ही ह्या सगळ्याची कसोटी. तिथे भिंत आणि खांब दोन्ही हाताच्या अंतरावर. पाठीला पाठ लावलेल्या दोन फिशआयचे छोटे कॅमेरे मिळतात, रिको थीटासारखे. एका क्लिकमध्ये काम होतं, पण दोन काचांमध्ये अंतर असतं आणि इतक्या जवळच्या खांबाला ते चुकतातच.

त्या दिवशी कॅमेऱ्यावर तोच ८-१५ झूम होता; मधल्या दालनात आम्ही तो १५ वर नेला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ही फ्रेम गोल नाही, काठोकाठ भरलेली आहे, सेन्सरचा कोपराही रिकामा नाही. भाचा खूश. वाचायला मात्र ती थोडी कमी रसाळ. फासळी वर्तुळाला भेटत नाही, वर कापली जाते. माझ्या चपला नाहीत. पहिल्या फ्रेममध्ये सगळं दालन एका श्वासात होतं, इथे त्याच्या ओळी पाडल्या आहेत. पण ओळी आठच. सहा भोवती, एक वर, एक खाली. आठ जागा, प्रत्येकी पाच, अशा ४० फ्रेम आणि माझ्या हाताने दहा-बारा मिनिटं. हत्तीवरच्या जोडप्यांचे चेहरे उमटले. खांबावरचा लेख झूम केल्यावर अक्षर म्हणून ओळखू येत होता. सांध्यात एकच माणूस सापडला, तोही पहारेकरी, आणि त्याने विचारूनच घेतलं होतं की "साहेब, इथं उभा राहिलो तर चालंल ना?"

बाहेर अंगणात मात्र आठच. सिंहस्तंभासमोर, एकवीरेच्या देवळाच्या दाराशी, कोळी-आगरी कुटुंबांची ये-जा थांबत नाही. ओटीची ताटं, नवसाची लेकरं, खांद्यावर झोपलेली, रडणारी. तिथे सहा दिशांना थांबत बसलो असतो तर प्रत्येक लेकराचे दोन तुकडे झाले असते. चार फ्रेम, दोन माणसांच्या लाटांमधली उसंत बघून, आणि झालं. तिथे कुणी झूम करून ब्राह्मी वाचणार नव्हतं. एक आजी थांबून भाच्याला म्हणाल्या, "काय रं, देवीचा फोटो काढतुस का?" तो म्हणाला, "नाही आजी, सगळ्याचाच." त्या हसून पायऱ्या उतरल्या. जोडलेल्या गोलात त्या अखंड आहेत.

माझा निकाल असा: कार्ल्याच्या चैत्यासाठी पंधरा, अंगणासाठी आठ. एकच लेन्स परवडत असेल आणि आत-बाहेर दोन्ही करायचं असेल तर पंधराच्या आसपासची फिशआय घ्या आणि गर्दीत थोडी वाट बघायची तयारी ठेवा. २४ आणि पन्नास एखाद्या शिल्पाच्या स्वतंत्र फोटोसाठी ठेवा, गोलासाठी नको. आणि वेहरगावच्या पायऱ्या चढण्यापूर्वी पिशवीत परवानगीचा कागद आणि चिकटपट्टी आहे ना, ते बघून घ्या. वर चिकटपट्टी मिळत नाही.